उलटं लोंबकळलं तर रक्त डोक्यात उतरतं का?

प्रश्न : माझी नात नऊ वर्षांची आहे. वर्षभरापासून मल्लखांबाला जाते. आता घरीही दाराच्या चौकटीतल्या बारला गुडघे अडकवून डोकं खाली करून लोंबकळते. तोंड लालबुंद होतं, कपाळावरची शीर फुगते, तरी उतरत नाही. मी ओरडते, "अगं, रक्त डोक्यात उतरेल!" सून म्हणते, काही होत नाही. आमच्यात खरं कोणाचं? डोळ्यांना, मेंदूला अपाय होत नाही ना?
– एक आजी, सांगली

उत्तर : आजी, रक्त डोक्याकडे उतरतं हे तुमचं म्हणणं खरं आहे. निरोगी मुलीला त्याने काही होत नाही हे सूनबाईंचं म्हणणंही, थोड्या वेळापुरतं, खरं आहे. सगळा प्रश्न त्या 'थोड्या वेळात' आहे. म्हणून आत नेमकं काय घडतं ते आधी पाहू.

गच्चीवरच्या टाकीचं पाणी वरच्या मजल्यावर बारीक धारेने येतं आणि तळमजल्यावर जोरात येतं. रक्ताचंही तसंच आहे. रक्ताच्या साधारण १३ मिलिमीटर उंचीच्या स्तंभाचा दाब पाऱ्याच्या एक मिलिमीटरएवढा भरतो. मोठ्या माणसाचा मेंदू हृदयापासून सुमारे ३० सेंटिमीटर वर असतो. म्हणजे आपण उभे असताना दंडावर मोजलेला वरचा रक्तदाब १२० असेल, तर मेंदूपाशी तो ९५ ते १०० च्या आसपास असतो. माणूस उलटा झाला की तेवढाच आकडा वजा होण्याऐवजी मिळवला जातो आणि मेंदूपाशी दाब १४० ते १४५ च्या घरात जातो. नातीची उंची कमी, त्यामुळे तिच्या बाबतीत ही वाढही कमी. शिवाय पायांतलं रक्त एरवी चढण चढून हृदयाकडे परततं, ते आता आपोआप खाली येतं.

पण शरीर हे सगळं निमूट सोसत बसत नाही. मानेतल्या मुख्य धमनीत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत दाबाची नोंद घेणाऱ्या मज्जातंतूंची टोकं असतात. दाब वाढल्याचं त्यांना कळलं की काही क्षणांत हृदयाचे ठोके मंदावतात आणि शरीरभरच्या रक्तवाहिन्या सैल पडतात. नातीला पुढच्या वेळी मनगटावर बोट ठेवून स्वतःची नाडी मोजायला सांगा. उभी असताना आणि उलटी असताना, दोन्ही वेळा. खेळून दमलेली नसेल तर उलटं असताना ठोके सहसा कमी भरतात. मुलांना हे फार आवडतं आणि शरीरशास्त्राचा एक धडा पुस्तकाशिवाय होतो.

मेंदूबद्दल तुम्हाला विशेष काळजी आहे, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मेंदू कवटीत एका द्रवात तरंगत असतो आणि हाच द्रव पाठीच्या कण्यातही खालपर्यंत असतो. आपण उलटे झालो की रक्तवाहिन्यांच्या आतला दाब वाढतो, तसाच बाहेरून वेढणाऱ्या या द्रवाचा दाबही जवळपास तितकाच वाढतो. आतून ढकलणारा जोर आणि बाहेरून आवरणारा जोर बरोबरीने वाढल्यामुळे मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर वाटतो तेवढा ताण पडत नाही. 'रक्त डोक्यात चढून नस फुटेल' ही भीती निरोगी माणसाच्या बाबतीत सहसा खरी होत नाही, त्यामागचं मोठं कारण हे.

कवटीच्या बाहेर मात्र असा आधार कुणाला नाही. चेहरा लाल होतो, पापण्या जड होतात, कपाळाची शीर टरटरते, ते त्यामुळेच. जास्त वेळ लोंबकळल्यावर डोळ्यांभोवतीच्या त्वचेवर कधी टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपकेही उमटतात. ते दिसतात भयंकर, पण काही दिवसांत जातात. मात्र ते दिसले याचा अर्थ वेळ फार झाला होता.

डोळ्यांबद्दल तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत, कारण खरी सावधगिरी तिथेच हवी. डोळ्याच्या आतला दाब सर्वसाधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरांच्या दरम्यान असतो. चेन्नईतल्या नेत्रतज्ज्ञांनी शीर्षासन करणाऱ्या ७५ जणांच्या डोळ्यांतला दाब मोजला होता. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आसनाच्या वेळी तो जवळजवळ दुप्पट झालेला आढळला. सरळ झाल्यावर तो उतरतो आणि निरोगी डोळा एवढं सहन करतो. पण काचबिंदू असलेल्याच्या दृष्टीच्या नसेला आधीच दाबाने इजा होत असते. तिथे रोज काही मिनिटं दाब दुप्पट करणं म्हणजे दृष्टीशी खेळ आहे. काचबिंदू घराण्यात चालतो. तुम्हाला किंवा आजोबांना तो असेल, तर नातीचे डोळे एकदा तपासून घ्या आणि तिच्या प्रशिक्षकांनाही सांगून ठेवा. मोठा चष्म्याचा नंबर असलेल्यांनीही नेत्रपटलाची तपासणी करून मगच उलट्या कसरतींकडे वळावं.

आता मल्लखांबाकडे येऊ. बाळंभटदादा देवधरांनी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ही विद्या नव्याने उभी केली, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या किती पिढ्या खांबावर उलट्या झाल्या असतील! नवशिक्याची सुरुवातच साध्या अढीने होते : उडी मारून पाय वर न्यायचे, मांड्यांनी खांब आवळायचा, डोकं खाली, आणि लगेच पुन्हा वर यायचं. पुढे तेढी, बगली, दसरंग, फिरकी असं करत करत मूल खांबावर सतत वरखाली होत राहतं. एखाद्या सरावाला शांतपणे बसून पाहा. उलट्या स्थितीत कोणी मिनिटामागून मिनिटं थांबत नाही. शिवाय त्या सगळ्या वेळात मांड्या, पोट, पाठ आवळलेली असते. स्नायू असे काम करत असताना शरीराचा ताबा मुलाकडे असतो आणि सरळ कधी व्हायचं ते मूलच ठरवतं. मल्लखांबावरचं उलटं होणं मला निर्धोक वाटतं ते या दोन गोष्टींमुळे. खांबाला लावायचं एरंडेल, खाली मॅट आणि बाजूला उभा असलेला प्रशिक्षक ही त्याच्या पुढची काळजी.

घरच्या बारबद्दल मात्र मी तुमच्या बाजूचा आहे, आजी, पण वेगळ्या कारणाने. चौकटीत फिरवून घट्ट बसवायचे बार हातांनी लोंबकळण्यासाठी असतात. गुडघे अडकवून झोका घेतला की बार फिरतो, सरकतो आणि मूल डोक्यावर पडतं. हात टेकायलाही वेळ मिळत नाही. मानेच्या मणक्याला तिथे जी इजा होऊ शकते, तिच्यापुढे लाल चेहरा काहीच नाही. बार भिंतीत स्क्रूने पक्का बसवलेला हवा, खाली जाड गादी हवी, उंची अशी हवी की लोंबकळताना तिचे तळहात जमिनीला टेकतील, आणि घरात मोठं माणूस हवं. एवढं असेल तर तिला खेळू द्या. सूरपारंब्या खेळत वाढलेल्या पिढीने फांदीला लोंबकळणाऱ्या पोरीला धाक घालू नये, असं मला मनापासून वाटतं.

किती वेळ चालेल? मुलं बहुधा मिनिटाभरात कंटाळून किंवा डोकं जड झाल्यामुळे आपणहून उतरतात. तो संकेत पाळायला शिकवा. 'कोण जास्त वेळ राहतं' अशी पैज मात्र लागू देऊ नका. कान गच्च झाले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, डोकं ठणकू लागलं की त्याच क्षणी खाली. उतरल्यावर ताडकन उभं न राहता थोडं बसावं, कारण हृदय मंदावलेलं असतं आणि रक्त एकदम पायांकडे जातं. भोवळ येते ती उलटं असताना नव्हे, उठल्यावर.

वेळ वाढत गेली की चित्र कसं पालटतं, हेही सांगायला हवं. आपल्या फुप्फुसांच्या खाली श्वासपटल आणि त्याखाली यकृत, जठर, आतडी. एकट्या यकृताचं वजन सुमारे दीड किलो. आपण उभे असताना हे सगळं खाली ओढलं जातं आणि श्वास घेणं सोपं होतं. उलटं झालं की तो सगळा भार श्वासपटलावर येतो आणि प्रत्येक श्वासाला तो उचलावा लागतो. पाच मिनिटं काही वाटत नाही. काही तासांनी श्वासाचे स्नायू थकतात, रक्तातला प्राणवायू घटतो आणि जास्त परतणारं रक्त उपसत राहिलेलं हृदयही थकतं. नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात नटी पटी नावाच्या गुहेत २६ वर्षांचा एक धडधाकट तरुण अरुंद फटीत डोकं खाली अशा अवस्थेत अडकला. शंभराहून अधिक लोक त्याच्या सुटकेसाठी झटले. एक अख्खा दिवस उलटून गेला तरी त्याला बाहेर काढता आलं नाही आणि तो तिथेच गेला. पुढे ती गुहाच बंद करण्यात आली. त्याच्या आदल्या वर्षी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये डेव्हिड ब्लेन या जादूगाराने ६० तास उलटं टांगून घेण्याचा प्रयोग केला होता, पण तो अधूनमधून सरळ होऊन पायांवर उभा राहत होता. त्यावरून टीका झाली. मला मात्र त्यातच शरीराचा नियम स्पष्ट दिसतो : एकाला सरळ होता येत होतं, दुसऱ्याला नाही.

म्हणूनच मुलांच्या बाबतीत एक गोष्ट ठामपणे सांगतो. मूल स्वतः उलटं होतं आणि मोठ्यांनी त्याला उलटं टांगलं, यांत फार अंतर आहे. तान्ह्या बाळाला घोटे धरून उलटं करून हसवण्याची काही काका-मामांना हौस असते. बाळाची मान धड सावरलेली नसते, खुब्याचे सांधे कोवळे असतात आणि 'पुरे' म्हणायला त्याला शब्द नसतात. हे करू नका, करू देऊ नका. शिक्षा म्हणून मुलाला उलटं टांगणं हा तर सरळसरळ छळ आहे. शाळेतल्या शारीरिक शिक्षेला शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. घरात वेगळा नियम असण्याचं काही कारण मला दिसत नाही.

प्रश्न : माझं वय ४४. कमरेच्या मणक्यातली गादी सरकली आहे. मित्राने पाय अडकवून उलटं टांगून घेण्याचं टेबल घेतलं आणि त्याला आराम पडला. मीही घेऊ का? की शीर्षासन शिकू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : या दोन गोष्टी एकसारख्या वाटतात, पण कमरेच्या आणि मानेच्या दृष्टीने त्या उलट टोकांच्या आहेत. टेबलावर टांगून घेतल्यावर धडाचा भार कण्याला ताणतो, मणक्यांमधली जागा किंचित मोकळी होते आणि दबलेल्या नसेला थोडा वेळ उसंत मिळते. शीर्षासनात तोच भार मानेवर येतो. शीर्षासन करणाऱ्यांच्या डोक्याखाली भार मोजला गेला आहे आणि तो शरीराच्या वजनाच्या चाळीस टक्क्यांच्या वर भरलेला आहे. मानेचे मणके एवढ्यासाठी घडलेले नाहीत. म्हणून चांगले गुरू आधी खांद्यांनी आणि हातांनी भार उचलायला शिकवतात आणि त्यात महिने घालवतात. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी भिंतीतल्या दोऱ्यांना कमरेने टांगून, डोकं अधांतरी ठेवून करायचा प्रकार रूढ केला, तो मला या दृष्टीने फार शहाणपणाचा वाटतो. कमरेच्या त्रासासाठी, कोणाच्या देखरेखीशिवाय, चव्वेचाळिसाव्या वर्षी शीर्षासनाला सुरुवात करू नका.

टेबलाबद्दल पुरावा आहे, पण तुटपुंजा आहे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल इथली एक चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात उलटं टांगण्याचा उपचार घेतलेल्यांपैकी बऱ्याच जणांची शस्त्रक्रिया टळली. मात्र रुग्ण इतके थोडे होते की त्यावरून सगळ्यांना सल्ला देता येत नाही. एवढं म्हणता येईल की काहींना तात्पुरता आराम पडतो. सरळ झाल्यावर भार पुन्हा तिथेच येतो, त्यामुळे पोटाचे आणि पाठीचे स्नायू बळकट करण्याचा व्यायाम टळत नाही.

घ्यायचंच असेल तर आधी डॉक्टरांना एमआरआय दाखवा आणि रक्तदाब मोजून घ्या. उच्च रक्तदाब, हृदयविकार, पूर्वी झालेला पक्षाघात, काचबिंदू, नेत्रपटलाचा त्रास, हर्निया, ठिसूळ हाडं, गरोदरपण, रक्त पातळ करणारी गोळी, यांपैकी काहीही असेल तर हा नाद सोडा. घशाशी आंबट येणाऱ्यांना तर पहिल्याच दिवशी पश्चात्ताप होतो. नसेल काही, तर टेबल पूर्ण उभं करू नका. वीसेक अंशांच्या उतारापासून आणि एखाद्या मिनिटापासून सुरू करा, रिकाम्या पोटी, आणि घरात दुसरं माणूस असताना. घोटे अडकलेले असताना पाठीत उसण भरली तर तुम्ही एकटे उठू शकणार नाही. पाय बधिर होणं, पाऊल उचलता न येणं किंवा लघवीवरचा ताबा सुटणं ही लक्षणं असतील, तर टेबलाचा विचारही न करता तातडीने रुग्णालय गाठा.

थोडा उतार शरीर किती सोसतं, याचं एक उदाहरण देतो. वजनरहित अवस्थेत अंतराळवीरांच्या अंगातलं पाणी डोक्याकडे सरकतं. त्याचा अभ्यास जमिनीवर करण्यासाठी स्वयंसेवकांना डोक्याकडे सहा अंश उतरत्या पलंगावर झोपवतात. जेवण, आंघोळ, सगळं त्याच स्थितीत. जर्मनीत कोलोन इथे असे साठ-साठ दिवसांचे प्रयोग झाले आहेत. माणसं त्यातून सुखरूप उठतात. पण चेहरा सुजतो, नाक चोंदतं आणि उठल्यावर काही काळ उभं राहणंही जड जातं.

प्रश्न : वटवाघळं दिवसभर उलटी लटकतात, मग त्यांना काही का होत नाही?
– इयत्ता सहावी, रत्नागिरी

उत्तर : मित्रा, वर रक्ताच्या स्तंभाचं जे गणित मांडलं आहे ते वाच. वटवाघळाचं डोकं आणि हृदय यांत अंतर जेमतेम काही सेंटिमीटरांचं, म्हणून दाबही जेमतेमच वाढतो. पिंपळावर लटकणारं आपलं मोठं फळखाऊ वटवाघूळही दीड किलोच्या आसपासच भरतं. आता त्याचे पाय बघ. आपण बार धरतो तेव्हा स्नायू आवळावे लागतात आणि ते दमतात. वटवाघूळ लटकलं की त्याच्या स्वतःच्या वजनाने पायातली दोरीसारखी शीर ओढली जाते आणि नख्या आपोआप मिटून अडकतात. लटकायला त्याला शक्तीच लागत नाही. उलट नख्या सोडवायला थोडी लागते.

दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या स्लॉथची सोय तर आणखी नवलाची आहे. त्याच्या पोटातलं अन्न आणि मळ मिळून शरीराच्या वजनाच्या एक तृतीयांशापर्यंत जातं. एवढं ओझं फुप्फुसांवर पडलं तर श्वासच कोंडायचा. २०१४ मध्ये स्वान्सी विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की त्याचं यकृत, जठर, मूत्रपिंडं चिवट पट्ट्यांनी बरगड्यांना आणि कमरेला बांधलेली असतात, त्यामुळे ती श्वासपटलावर कोसळत नाहीत. आपल्याकडे अशा पट्ट्या नाहीत.

आणि गेंडा? आफ्रिकेत काळ्या गेंड्यांना वाचवण्यासाठी दुर्गम जागेतून हलवावं लागतं. तेव्हा त्यांना गुंगीचं औषध देऊन, चारही पाय बांधून हेलिकॉप्टरखाली उलटं लटकवून नेतात. एवढ्या अवजड प्राण्याचं यात बरं-वाईट काय होतं, हे पाहण्यासाठी संशोधकांनी नामिबियात बारा गेंडे क्रेनला टांगून त्यांच्या रक्तातला प्राणवायू मोजला. कुशीवर झोपवलेल्या गेंड्यापेक्षा उलटा टांगलेला गेंडा श्वासाच्या बाबतीत वाईट नव्हता, उलट किंचित बराच होता. कुशीवर पडल्यावर खालचं फुप्फुस स्वतःच्याच वजनाने दबतं, हे त्यामागचं एक कारण. या संशोधनाला २०२१ मध्ये आधी हसवणारा आणि मग विचार करायला लावणारा इग नोबेल पुरस्कार मिळाला. हे मोजमाप मात्र दहाएक मिनिटांचंच होतं, हे विसरू नकोस.

प्रश्न : आमच्या गावात तळ्यात कोणी बुडालं की बाहेर काढून आधी उलटं टांगतात, नाहीतर डोक्यावर आडवं घालून गरगर फिरवतात. पाणी निघतं आणि माणूस वाचतो म्हणतात. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, नांदेड जिल्हा

उत्तर : नाही. हे थांबवायला हवं, कारण यात जीव जातात. बुडालेल्याच्या फुप्फुसांत पाणी सहसा थोडंच शिरलेलं असतं. उलटं केल्यावर भडाभडा बाहेर येतं ते बहुतेक पोटातलं पाणी, आणि तेच श्वासनलिकेत जाऊन उरलेला श्वासही कोंडू शकतं. माणूस मरतो तो प्राणवायू न मिळाल्यामुळे. मेंदूला काही मिनिटांचीच मुदत असते आणि ती टांगण्या-फिरवण्यात संपते.

बाहेर काढल्याबरोबर सपाट जमिनीवर उताणं झोपवा. कोणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. हाक मारा, छाती हलते का पाहा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. नसेल तर हनुवटी उचलून, नाक चिमटीत धरून, तोंडाने छाती वर येईल असे श्वास द्या. बुडालेल्याच्या बाबतीत सुरुवात श्वासानेच करायची. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून ३० वेळा जोरात दाबा, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने, छाती पाच-सहा सेंटिमीटर खचेल इतकं, आणि पुन्हा दोन श्वास. असं करत राहा. उलटी झाली तर तोंड एका बाजूला वळवून पुसून घ्या आणि पुढे चालू ठेवा. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका, दमलात तर दुसऱ्याने हात लावावा. शुद्धीवर आला, बोलू लागला, तरी रुग्णालयात न्यायचंच, कारण फुप्फुसांची सूज काही तासांनीही वाढते.